नंबर शेवटी लावलाय, भिकन

भिकन, परवा तुझं दहावं झालं आणि काल सकाळी तुझी बायको शोभा अड्ड्यावर आली. तुझा अन्वर ड्रायव्हर गाडी चालवत होता आणि ती केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसून आली. आग्रा रोडच्या कडेला, आपल्या चिंचेखाली, ट्रकमधून बाईमाणूस उतरताना आमच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. गुलाबरावच्या हातातला चहा तसाच राहिला. ती सरळ माझ्यासमोर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाना, गाडीना नंबर लावा."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिकच आहे. बोर्ड माझ्या ताब्यात, खडू माझ्या खिशात, आणि त्या बोर्डावरून तुझ्या गाडीचा नंबर पुसणाराही मीच. आपल्या अड्ड्याची रीत तुला ठाऊक आहे, तूच ती घालून दिलीस. बोर्डावरचा गाडीमालक गेला, तर दहावं होईपर्यंत त्याचा नंबर कोणी पुसायचा नाही, आणि दहाव्यानंतर अड्ड्यावर येणारा पहिला माल त्याच्या गाडीला. पण तू बोर्डावर होतास कुठे? तू तर बोर्डाला लाथ मारून कंपनीकडे गेलास. तू अंथरूण धरलंस आणि कंपनीनं तुझ्या जागी दुसरी गाडी लावली. आता घर चालायचं ते त्या उभ्या गाडीवर, आणि गाडी चालायची तर आमच्या बोर्डावरून. म्हणजे तू जाता जाता शेवटचं भांडणसुद्धा माझ्याच गळ्यात टाकून गेलास. शाबास!

मी शोभाला म्हटलं, "बस बेटा, चहा घे." बोर्डाकडे काही गेलो नाही. मला जरा वेळ हवा होता. तुझ्याशी बोलल्याशिवाय मी बोर्डावर काही लिहिलंय का कधी?

पांझरा नदीच्या काठी परवा दहाव्याला कावळा पटकन शिवला. लोक म्हणाले, चला, काही इच्छा मागं राहिली नाही. मी मनात म्हटलं, अरे, याचं माझ्याशी अख्खं भांडण राहिलंय, ते त्या कावळ्याला कोण सांगणार? आता कोणाशी भांडू मी? गुलाबराव भांडतो, पण त्याला नुसता आवाज आहे. तू भांडायचास ते मुद्द्यावर. रात्रभर डोक्यात राहायचा तुझा शब्द. घरी जेवताना मी तुला उत्तरं द्यायचो आणि आमची मंडळी म्हणायची, भिकनभाऊ जेवायला आलेत का?

तुला आठवतं, नंबर नव्हता तेव्हा काय हालत होती आपली? तू नवी नवी गाडी घेतलेली, माझी जुनी, आणि धुळ्यात माल देणारे दलाल मोजकेच. सकाळी दलाल यायचा, चिंचेखाली उभा राहायचा आणि विचारायचा, "सुरतला रुईच्या गाठी जायच्या आहेत, कोण काय घेणार?" एकानं भाडं सांगितलं की दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली. दलाल नुसता सुपारी कातरत उभा. आपण आपलं आपलंच मांस तोडत होतो. शेवटी ज्याला माल मिळायचा त्याला डिझेलपुरतंसुद्धा उरायचं नाही, आणि ज्याला मिळायचा नाही तो त्याच्याशी बोलायचा नाही. ज्याच्या चार-पाच गाड्या तो एका गाडीचा तोटा दुसरीवर काढायचा. आपल्यासारखे एका गाडीचे मालक मात्र मरायचे.

मग एक दिवस तू आणि मी हमरीतुमरीवर आलो. कसल्या मालावरून ते आता आठवत नाही, बहुतेक दोंडाईच्याची मिरची होती. तू माझी कॉलर धरलीस, मी तुझी. आणि मध्येच तू थांबलास, दलालाकडे पाहिलंस. तो हसत होता. तू माझी कॉलर सोडलीस आणि म्हणालास, "नाना, हाऊ माणूस आपली कुस्ती फुकट देखी ऱ्हायना." तिथून सुरुवात झाली. तुझ्या गाडीचा मागचा फाळका, माल अडवायचा तो पत्रा, गंजून बदलायला आला होता. तो तू काढून आणलास, काळा रंग मारलास आणि चिंचेला ठोकलास. जो आधी आला त्याच्या गाडीचा नंबर वर. माल आला की वरच्या गाडीला. भाडं सगळ्यांचं एक. आणि निवडानिवड नाही. मुंबईचा माल येवो नाहीतर डोंगरातला, नंबर आला की घ्यायचा. नाही घेतला तर खुशाल नको म्हण, पण नंबर पुसून बोर्डाच्या तळाला.

दलालांनी महिनाभर आपल्याकडे पाठ फिरवली. आपण उपाशी बसलो चिंचेखाली. तू पत्ते आणलेस, गुलाबराव भजन म्हणायचा, तेही बेसूर. तुझ्या शोभानं आणि आमच्या मंडळींनी आळीपाळीनं भाकरी पाठवल्या. महिन्यानं दलाल आले. मान खाली घालून विचारायला लागले, कोणाचा नंबर आहे? तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, भिकन. लग्नापेक्षाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते गावभर केलं असतंस.

खडू माझ्या हाती तूच दिलास. म्हणालास, "नाना तिरसट शे, कोनंच ऐकाव नही. बोर्ड त्यासनाच हातमा पाहिजे." सगळे हसले. मला राग आला आणि बरंही वाटलं.

मग कितीतरी वर्षं बरी गेली. तुझी गाडी माझ्या गाडीमागं, कधी माझी तुझ्यामागं. कोंडाईबारीच्या घाटात तू हॉर्न वाजवून वाजवून माझं डोकं उठवायचास. कन्नडच्या घाटात उतरताना मात्र कधी घाई केली नाहीस, ते मी बघायचो. गाडी पुसण्याचा तुला भारी सोस. अन्वर म्हणायचा, भिकनभाऊ आधी गाडीला अंघोळ घालतात, मग स्वतः करतात, आणि पाणी संपलं तर स्वतःची राहिली.

पण धुळं पडलं चौरस्त्यावर. आग्रा रोड उभा, सुरत-नागपूर रोड आडवा. सगळ्या मुलखाच्या गाड्या इथून जाणार. इंदूरची गाडी मुंबईला माल टाकून परत निघाली की रिकामी. रिकामं जाण्यापेक्षा तो धुळ्यात थांबणार आणि मिळेल त्या भाड्यात माल भरणार. त्याचं डिझेल तरी निघतं. आपलं मरण होतं ते. आपल्या बोर्डावर गाड्या वाट बघत उभ्या आणि समोरून रिटर्न गाडी निम्म्या भाड्यात आपला माल घेऊन जाते.

तो इंदूरचा ड्रायव्हर आठवतो का? आपण त्याच्या गाडीपुढं खाटा टाकल्या होत्या. गुलाबराव हातात लोखंडी टॉमी घेऊन उभा. मी त्याला म्हणत होतो, माल उतरव. तो बिचारा घाबरला नाही, चिडलाही नाही. नुसता म्हणाला, "भैया, ख़ाली जाऊँ क्या घर?" तू त्याला बाजूला नेलंस, चहा पाजलास, बराच वेळ बोललास. आम्हाला वाटलं, तू त्याला गोडीगुलाबीनं समजावतोयस. परत आलास आणि म्हणालास, "जाऊ द्या त्याले." मी विचारलं, का? तू म्हणालास, "नाना, आपुन बी इंदूरमा हाईच करतस. तठे बी एक चिंच व्हई, तठे बी एक नाना व्हई."

 मी म्हटलं, इंदूरचं इंदूरवाले बघतील.  मला वाटतं, तुझं मन त्या दिवशी बोर्डावरून उठलं. मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काय वेगळं बोललो असतो? अजूनही माझं मत तेच आहे. सगळ्या जगाला पुरेल असा बोर्ड माझ्याकडे नव्हता. एका चिंचेपुरता होता, तेवढा मी सांभाळला.

मग कंपन्या आल्या. नव्या नव्या गाड्या, ऑफिसात टेलिफोन, कारखानदाराच्या दारात माणूस हजर. भाडं आपल्यापेक्षा कमी आणि गाडी सांगाल तेव्हा. आपल्याकडे माल देणाऱ्यानं चिंचेखाली यायचं, नंबर विचारायचा, ड्रायव्हर जेवायला गेला असेल तर थांबायचं. तू रोज माझं डोकं खायचास. "नाना, माल तितलाच शे, गाड्या वाढी गयात. नंबर लाई लाई काय पोट भरी?" मी म्हणायचो, नंबर मोडला की पहिली मरेल ती एका गाडीची माणसं. तू म्हणायचास, ती नंबर लावूनही मरतायत, फक्त रांगेत. किती वेळा झालं असेल हे आपलं! चहावाला शेवटी आपल्या दोघांना वेगळ्या बाकांवर बसवायला लागला.

आणि मग तो दिवस. तुझा नंबर वर होता. माल आला तो साक्रीच्या पुढचा, पिंपळनेरच्याही पलीकडे डोंगरात, खताच्या गोण्या. अड्ड्यावरचा सगळ्यात नावडता माल. रस्ता म्हणजे नुसते दगड, ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी, खतानं गाडीची बॉडी खराब होते ती वेगळी, आणि येताना रिकामं. तुझ्यासारख्या गाडी पुसणाऱ्याला तर तो शापच. तुझ्या मागचा नंबर गुलाबरावचा, आणि त्याच्यासाठी मुंबईचा माल उभा. तू एकदा गोण्यांकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे. म्हणालास, "माले नही जानं, नाना." मी म्हटलं, ठीक आहे, तळाला जा. तू म्हणालास, "तळले बी नही जानं. मी कंपनीसंगे बोली टाकं शे." आणि मी बोर्डावरून तुझा नंबर ओल्या फडक्यानं पुसला. सगळ्यांसमोर. तूच आणलेल्या फाळक्यावरून.

भिकन, मी ते चुकीचं केलं असं तुला वाटत असेल तर वाटू दे. आज पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा पुसेन. तू पहिला होतास म्हणून तुला सोडलं असतं, तर दुसऱ्याला काय तोंड दाखवलं असतं? पण पुसताना डोळ्यात काहीतरी गेलं, हे मात्र खरं.  खडूची भुकटी म्हटलं मी लोकांना.

त्यानंतर तू काय करावंस? महिन्याभरात तुझ्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर, नव्या कोऱ्या, पिवळ्या अक्षरात पेंटरकडून लिहून घेतलंस, "नानांना नमस्कार". हात्तुझ्या! माझ्या गाडीला ओव्हरटेक करायचास आणि मग ते बूड माझ्यासमोर नाचवत जायचास, शिरपूरपर्यंत. चाळीसगावला, फैजपूरला, जिथं जाईन तिथं लोक विचारायचे, "ते नाना तुम्हीच का?" माझा ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचा. मी किती दिवस विचार करत होतो, ही टर आहे का मान आहे? तुला विचारायची सोय नव्हती. तू म्हणाला असतास, वाचता येतं ना, वाचा की. मी कधी त्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. पाहिलं की मान फिरवायचो आणि तंबाखू मळायला घ्यायचो.

आता बिजासनच्या घाटाचं बोलू. हे तुझ्या माझ्यात कधी निघालंच नाही. फैजपूरची केळी भरून मी दिल्लीला निघालो होतो, ड्रायव्हर आजारी म्हणून मी स्वतः. घाटाच्या ऐन चढावर एक्सल तुटला. ऊन मी म्हणत होतं. केळीला उन्हात उभं करणं म्हणजे काय ते तुला माहीत. वर केळीची पानं पांघरली होती, तरी मी घडांना हात लावून बघत होतो, आणि हात लावला की घड आणखी गरम लागायचा. बागवाला शेतकरी ओळखीचा, त्याची वर्षाची केळी. गाड्या येत होत्या, ड्रायव्हर डोकावून बघत होते, हळहळत होते आणि जात होते. प्रत्येकाच्या गाडीत माल.

तू वरून आलास, घाट उतरत, रिकामा. सेंधव्याहून पुढं शिरपूरला कंपनीचा माल तुझी वाट बघत होता, हे मला नंतर कळलं. तू गाडी बाजूला घेतलीस. खाली उतरलास.  खालच्या पाड्यावरून चार माणसं बोलावलीस, गाडीला गाडी लावलीस आणि घड आपल्या हातानं उचलायला लागलास. तू आणि मी समोरासमोर. एक घड माझ्या हातून तुझ्या हातात, दुसरा, तिसरा. शेवटी पानं पांघरली, दोर ओढला आणि फाळका लावता लावता तू मला म्हणालास, "नाना, बोर्डावर लिखा, हाई गाडीना नंबर नव्हता." आणि दात काढलेस.

मी तोंड उघडलं होतं रे. खरंच उघडलं होतं. पण तू असं काही बोललास की माझ्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला आणि त्याऐवजी मी म्हटलं, "फाळका नीट लाव, टवाळ्या नंतर कर." तू गेलास. केळी तुझ्या गाडीतून दिल्लीला हिरवी पोचली. शिरपूरचा माल तुझ्या हातचा गेला आणि कंपनीवाले तुझ्यावर पुष्कळ दिवस चिडून होते, असं अन्वरनं सांगितलं. तू कधी बोलला नाहीस. त्यामुळं मलाही बोलता आलं नाही. तुझ्या उपकारांत नेहमी असा एक काटा असायचा, भिकन. माणूस आभार मानायला पुढं झाला की टोचायचा. आता तू नाहीस, टोचणार नाहीस, म्हणून म्हणतो. त्या दिवशी तू माझी लाज राखलीस. फार केलंस माझ्यासाठी.

तू आजारी पडलास तेव्हा मी आलो होतो. पिवळा पडला होतास. शोभानं मोसंबीचा रस आणला तो तू मला प्यायला लावलास. इकडचं तिकडचं झालं आणि मग तू विचारलंस, "बोर्डवर कितल्या गाड्या शेतस आते?" मी म्हटलं, कमी झाल्यात. "कमी म्हंजे?" मी म्हटलं, चिंचेच्या सावलीत सगळ्या मावतात. पूर्वी रस्त्यापर्यंत रांग जायची. तू छताकडे बघत पडला होतास. म्हणालास, "मंग मी बरोबर व्हतू का नही?" मी म्हटलं, "नव्हतास." तू इतका हसलास की ठसका लागला. शोभा आतून धावत आली आणि माझ्याकडे रागानं बघायला लागली. तू तिला हातानं म्हणालास, असू दे, असू दे. ठसका थांबल्यावर म्हणालास, "नाना, तुम्ही व्हय म्हनतात ना, तं माले वाटतं मी मराले टेकनू."

तेच आपलं शेवटचं बोलणं. मी निघताना दारात थांबलो होतो. काहीतरी बोलायचं होतं. तू डोळे मिटले होतेस, मला वाटलं झोप लागली. उद्या येईन म्हटलं मनात. उद्या मी फैजपूरला गेलो.

तर काल. शोभाचा चहा पिऊन झाला. चिंचेखाली दोन पक्ष पडले होते. गुलाबराव म्हणाला, "जो नंबर मोडस त्याले नंबर नही. नाना, तुमनाच नियम शे." सलीम आणि बाकीचे गाडीवाले म्हणाले, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण, रीतीप्रमाणे पहिला माल तिला द्या, वरती लिहा. शोभा कोणाकडेच बघत नव्हती. बोर्डाकडे बघत होती. तिला ओळखू आला असेल तो फाळका, तिनंच कधीतरी धुतला असेल.

मी उठलो. फडकं ओलं केलं. आणि तुझ्या गाडीचा नंबर लिहिला, सगळ्यात खाली. नवीन येणाऱ्या गाडीचा लिहितात तसा. ज्यानं बोर्ड सोडला त्याला मेल्यावर वरची जागा नाही, आणि जो नंबर मागायला आला त्याला ना म्हणायचं नाही. गुलाबराव फुरफुरला. सलीम मला म्हणाला, नाना, दगड आहात तुम्ही. शोभा मात्र म्हणाली, "बरं नाना," आणि अन्वरशेजारी बाकावर जाऊन बसली, रांगेत बसतात तशी. तुझ्यावर दया केली असती तर तू वरून मला शिव्या घातल्या असत्यास, हे तिला माहीत होतं.

थोड्या वेळानं दलाल आला. सुरत, रुईच्या गाठी. चांगला माल, येताना भाडंही ठरलेलं. वरचा नंबर माझा होता. मी म्हटलं, "माझी गाडी नाही जात आज." माझा नंबर पुसला आणि तळाला लिहिला, तुझ्या नंबरच्या खाली. नियम आहे तो, कोणी काही बोलू शकत नाही. मागचा नंबर गुलाबरावचा. त्यानं गाठींचं नाव ऐकून ओठ चाटले होते, मी पाहिलं. बराच वेळ टाळू खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "मनी गाडीना स्प्रिंगना पाटा कुरकुर करी ऱ्हायना," आणि खाली बसला. मी त्याचाही नंबर पुसला. सलीम म्हणाला, आज जुम्मा आहे, मला नमाजाला जायचंय. भिकन, काल मंगळवार होता. त्याचाही पुसला. अशी एकेक गाडी वरून पुसत गेली आणि तळाला लागत गेली. कोणाचे ब्रेक, कोणाच्या मेव्हणीचं लग्न. हातातला खडू झिजून एवढासा राहिला. आणि कोणीही नियम न मोडता तुझा नंबर वर आला.  मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

आणि दलाल कुठे होता माहीत आहे? आमचं हे चाललेलं असताना तो कंटाळला, रस्त्यावर गेला, गुजरातेत परत चाललेली एक रिकामी गाडी थांबवली आणि सुरतेच्या गाठी तिच्यात भरायला घेऊन गेला. कमी भाड्यात. हस आता. हस पोटभर. तूच म्हणायचास ना!

आम्ही सगळे चिंचेखाली खाली मान घालून बसलो. मग दुपारकडे दुसरा माल आला. सोसायटीचा माणूस सायकलवरून आला आणि म्हणाला, खताच्या गोण्या आहेत, पिंपळनेरच्या पुढं, डोंगरात.

 अन्वर पहिल्यांदा फिसकन हसला, मग तोंडावर रुमाल धरला. शोभानं विचारलं, "काय झायं?" मी सांगितलं तिला. म्हटलं, पोरी, याच मालापायी त्यानं बोर्ड सोडला होता. तुला नको असेल तर नको म्हण, कोणी काही बोलणार नाही. तिनं पदर खोचला. म्हणाली, "नियम काय शे, नाना?"

मी म्हटलं, "नंबर आला की माल घ्यायचा."

"मंग भरा," ती म्हणाली.

सगळे उठले गोण्या चढवायला. गुलाबरावच्या गाडीचा पाटा कुरकुरत होता ना, पण पाठ कुरकुरत नव्हती त्याची, सगळ्यांत जास्त गोण्या त्यानंच चढवल्या. खाली ताडपत्री अंथरली, तुझ्या गाडीची बॉडी खराब नको व्हायला म्हणून. मी स्वतः फाळका लावला, नीट, दोन्ही कड्या बघून. शोभा घरी गेली, रिक्षानं. अन्वरनं गाडी चालू केली.

गाडी साक्रीच्या रस्त्याला वळली आणि मागची पिवळी अक्षरं माझ्या तोंडासमोर आली. बाकीचे बघत होते. तंबाखूची डबी हातात होती, ती मी खिशात टाकली, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, भिकन," म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.